हॉल बांधा, पण भांड्यांची खोली विसरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने वसईतल्या एका चर्चच्या फाटकावरच्या फलकाबद्दल लिहिलं होतं. ‘समाज हॉलच्या पुनर्बांधणीसाठी सढळ हाताने मदत करा’ असा तो फलक. त्यावर त्यांचे दोन प्रश्न होते. एवढ्या जमिनी असलेल्या चर्चला लोकांपुढे हात कशाला पसरावे लागतात? आणि प्रार्थनेला चर्च असताना हॉल हवाच कशाला? पत्राच्या शेवटी परदेशी पैशाचा टोमणाही होता.

तो फलक आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे त्या चर्चखाली येणाऱ्या आम्हा सगळ्या कुटुंबांचा. पेंटरकडून रंगवून मीच आणला, म्हणून उत्तराची जबाबदारी माझी समजतो. मी एका पतपेढीत नोकरी करून निवृत्त झालो आणि गेली बावीस वर्षं या हॉलच्या भांड्यांची वही माझ्याकडे आहे. भांड्यांची वही म्हणजे काय ते पुढे येईलच, कारण माझं खरं म्हणणं त्या वहीपाशीच आहे.

आधी जमिनी. आमच्या धर्मग्रामाकडे चर्च, शाळा, दफनभूमी आणि केळीची एक वाडी आहे. यातलं काय विकून हॉल बांधावा असं पत्रलेखकांना वाटतं? दफनभूमीत माझे आईवडील आहेत. वाडी विकायची म्हटलं, तरी सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९५० च्या न्यास कायद्याचं कलम ३६ तेच सांगतं. आणि परवानगी मिळत असती तरी आम्ही विकली नसती. वसईत वाडी विकली की तिथे काय उभं राहतं, ते बघायला लांब जावं लागत नाही, स्टेशनपर्यंत रिक्षाने गेलं तरी पुरे.

परदेशी पैशाचं तर उलटंच झालंय. माझा एक भाचा कॅनडात असतो. फलकाचा फोटो व्हॉट्सअॅपवर बघितला आणि पोराने त्याच रात्री पैसे पाठवतो म्हणून कळवलं. मी सकाळी त्याला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पासपोर्ट कुठला?’ त्याला वाटलं मामा थट्टा करतोय. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे कायद्याच्या लेखी तो परदेशी देणगीदार. असे पैसे घ्यायचे तर संस्थेची वेगळी नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. आमच्या हॉल समितीकडे ती नोंदणी नाही. म्हणून त्याला म्हटलं, पैसे राहू दे, डिसेंबरात आलास की चार दिवस विटा उचल. त्याचाच मावसभाऊ दुबईत आहे, भारतीय पासपोर्टवर. त्याचे पैसे बँकेतून रीतसर आले आणि त्याला पावतीही गेली. परदेशी पैसा म्हणतात तो आमच्याकडे असा येतो, आणि असा येता येता राहतो.

बाकी पैसा पाकिटांतून येतो. साधारण सातशे कुटुंबं आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घराला एक पाकीट, ज्याला जमेल तेवढं त्यात. माझ्या घरातून पाचशे जातात. एका पाकिटात दर महिन्याला वीस रुपये असतात. ते कुणाचं ते मला माहीत आहे, सांगणार नाही. चर्चच्या सोडॅलिटी मंडळाच्या बायकांनी सुकेळी विकली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात बांधून पुड्या करायच्या, हे काम वसईतही आता थोड्याच घरांत होतं. त्या पुड्यांच्या विक्रीचा हिशेब मी लिहिलाय, म्हणून सांगतो, आमच्या दोन हाउजींपेक्षा जास्त पैसे सुकेळ्यांनी दिले. हिशेब दर महिन्याला चर्चच्या नोटीस बोर्डावर लागतो. तो कुणीही वाचावा, पत्रलेखकांनीही. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेने प्रत्येक धर्मग्रामाला वित्त समिती नेमणं बंधनकारक केलंय. फादर एकटे बसून पैसे मोजतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या समितीच्या बैठकीला एकदा यावं. चहाच्या बिलावरून अर्धा तास भांडण होतं.

आता हॉल पाडावा का लागला.

जुना हॉल १९६८ चा. मी तेव्हा दहा वर्षांचा. गावच्या बैलगाड्यांतून विटा आल्या, बायकांनी डोक्यावरून पाणी वाहिलं आणि आम्ही पोरांनी कौलं हातोहात वर दिली. विटांच्या भिंती, सागाचे वासे, वर मंगलोरी कौलं. ते बांधकाम आजही तक्रार करण्यासारखं नव्हतं. दुखणं पुढच्या पडवीचं. ती नंतर वाढवली, आरसीसीचा स्लॅब टाकून, आणि रेती स्वस्तात पडावी म्हणून खाडीची वापरली. त्या काळी सगळेच वापरत होते. खाडीच्या रेतीत मीठ. ते मीठ सळईला गंज चढवतं, गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीटला ढकलून देते. आम्ही दर दोन वर्षांनी वरून गिलावा करत होतो आणि स्लॅब आतून सुटत होता.

एका रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, चौथीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग तिथे भरणार होता. मुलं अजून ग्रोटोपाशी, मारियामातेच्या गुहेपाशी, खेळत होती. ताटाएवढा तुकडा खाली आला तो थेट हार्मोनियमवर. हार्मोनियमच्या सात पट्ट्या गेल्या. बाईंनी मुलांना आत येऊ दिलं नाही आणि त्या तशाच फादरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. इंजिनियर आला. हातोडीने ठोकत ठोकत पडवीभर फिरला, जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने फुली मारत गेला. शेवटी फुल्या मोजण्यात अर्थ राहिला नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीची अशी तपासणी करून घ्यायचीच असते. आम्ही ती वीसएक वर्षं उशिरा केली. ही चूक आमची, ती मी इथे कबूल करतो.

दुसरं दुखणं पाण्याचं. २०१८ च्या जुलैत वसईत काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, विरारकडच्या गाड्या बंद, मिठागराच्या वस्तीला पाण्याचा वेढा, दिवसच्या दिवस वीज नाही. आमच्या हॉलच्या भिंतीवर तेव्हाची रेघ होती, माझ्या मांडीपर्यंत येणारी. गंमत अशी की पहिल्या रात्री हॉल कोरडा होता. जवळच्या चाळींतली माणसं, मुलंबाळं, एक बकरी, सगळे त्या रात्री तिथेच झोपले. त्यात ख्रिस्ती घर एकही नव्हतं. कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आत शिरलं, तेव्हा त्यांना शाळेच्या माडीवर हलवलं आणि मग माझी भांडी वाचवायला आम्ही चौघे आत गेलो. टोप तरंगत होते. एका टोपात कुणाचं तरी मांजर बसलं होतं.

पाणी का शिरलं? १९६८ साली हॉलचं जोतं रस्त्यापेक्षा दीड हात उंच होतं. रस्ता दर खेपेला नवा झाला, दर खेपेला चढत गेला, आणि हॉल होता तिथेच राहिल्याने खड्ड्यात गेला. वसईत आज किती घरांत असं एक पायरी खाली उतरून जावं लागतं ते मोजून बघा.

तर हॉल हवाच कशाला, याचं उत्तर. पत्रलेखकांना हॉल म्हटलं की लायटिंग केलेलं लग्न आठवत असावं. लग्नं होतातच. पण आमच्याकडे माणूस गेला की दफनभूमीतून परतलेल्या पाहुण्यांना चहा आणि बिस्किटं कुठे मिळतात? हॉलमध्ये. सातव्या दिवसाच्या मिस्सानंतरचं जेवण तिथेच. रक्तदान, डोळे तपासणी, बचत गटाची बैठक, निवडणुकीचं मतदान, सणाच्या नोवेनातलं (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेतलं) नाटक, नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ, प्रथम ख्रिस्तप्रसादाला पांढऱ्या कपड्यांत उभी राहिलेली मुलं. एके काळी शेतकी सोसायटीचं खतही तिथे ठेवलं होतं, त्याचा वास दोन पावसाळे गेला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीच्या काळात पाण्याच्या टँकरविरुद्ध, बिल्डरांविरुद्ध बोलायला माणसं जमायची ती अशाच हॉलांत. चर्चमध्ये माणूस देवाकडे तोंड करून बसतो. एकमेकांकडे तोंड करून बसायला दुसरी जागा लागते.

आणि भांडी. हॉलच्या मागे एक दहा बाय आठची खोली होती. तीत अकरा मोठे टोप, चार पराती, झारे, डाव, कावीलते, दोन हंडे, दीडशे ताटं, आणि एका कोपऱ्यात बांबूची ती तिरडीसारखी खुर्ची, जिच्यात बसवून आजारी माणसाला मिस्साला आणायचे. टोप पहिले तांब्याचे होते. मग कल्हईवाला यायचा बंद झाला, तसे ते मोडीत गेले आणि जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, आले. प्रत्येक टोपावर आणि त्याच्या झाकणावर छिन्नीने नंबर ठोकलेला. कुणाकडे कार्य असलं की माणूस संध्याकाळी माझ्याकडे यायचा, मी किल्ली घेऊन जायचो, वहीत लिहायचो आणि तो सही करायचा. भाडं नाममात्र, मयताच्या घराला काहीच नाही. जात, धर्म, भाषा असा रकानाच वहीत नव्हता. वाडवळ, सामवेदी, कोळी, पुढच्या नगरातले कोकणातले लोक, मुसलमान पाववाला, सगळ्यांच्या सह्या आहेत. ती वही वाचली की गावात कोण कधी जन्मलं, कुणाचं कधी जमलं, कुणाचं मोडलं (भांडी नेली आणि न वापरता परत, असे तीन उल्लेख आहेत), कोण गेलं, सगळं कळतं. एक नोंद मला पाठ आहे. ‘टोप नं. ४, परात १, डाव २. परत. झाकण पोचलेलं. नवरदेवाच्या काकांनी बसायला घेतलं.’

आता मला जे बोलायचं आहे ते. नव्या हॉलचा जो आराखडा आमच्यापुढे ठेवला गेलाय, त्यात ही खोली नाही.

आराखडा वाईट नाही. जोतं साडेतीन फूट उंच, अपंगांसाठी उतार, वर गच्ची. पण मधल्या जागी एसी, काचेची दारं, ‘ब्राइडल रूम’, आणि स्वयंपाकघराच्या जागी नुसतं ‘केटरर एरिया’ लिहिलंय. मी बैठकीत विचारलं, टोप कुठे ठेवायचे? आमच्यातलेच एक हुशार, तरुण सभासद म्हणाले, ‘अंकल, आता घरी कोण शिजवतं? केटरर स्वतःचं सामान आणतो.’ त्यांचं गणित सरळ आहे. हॉल चांगल्या भाड्याने द्यायचा, त्यातून देखभाल चालवायची, लोकांकडून पाकिटं घेणं थांबवायचं. हेतू चांगलाच आहे. पण पतपेढीत आयुष्य गेल्यामुळे मला यात दुसरा आकडा दिसतो. नोंदणी असलेल्या धार्मिक न्यासाने आपल्या आवारातली जागा लोकांना भाड्याने दिली, तर दिवसाचं भाडं दहा हजारांच्या आत असेपर्यंत जीएसटी लागत नाही. दहा हजार झालं की सूट गेली. म्हणजे भाडं वाढवलं की कर, कर भरायचा म्हणून आणखी भाडं, आणि मग ज्या बाईने महिन्याला वीस रुपये घातले तिच्या नातीच्या लग्नाला तोच हॉल परवडणार नाही. सिमेंटवरचा कर २०२५ च्या सप्टेंबरात २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तिथे जे वाचेल त्यात एक दहा बाय आठची खोली सहज बसते, हे मी बैठकीत कागदावर मांडून दाखवलं. कागद सगळ्यांनी पाहिला आणि विषय पार्किंगवर गेला.

पार्किंग म्हणजे आमचं बावखल.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं. आमच्या पूर्वजांनी खणलं, निघालेली माती आजूबाजूच्या वाड्यांत पसरून त्या उंच केल्या, आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं. त्या गोड्या पाण्यामुळे विहिरींत समुद्राचं खारं पाणी घुसत नाही. पावसाळ्यात गावातलं जास्तीचं पाणी तेच पोटात घेतं. १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, पण आम्ही इथेच राहिलो, आणि तगून राहिलो ते या पाण्याच्या जोरावर, केळी, पानवेली आणि मोगरा लावून. हॉलच्या मागे आमचं बावखल आहे, शेवाळलेलं, कडेला भेंडीचे दोन वृक्ष. आराखड्यात त्या जागी चाळीस गाड्या उभ्या आहेत. भराव कुठून आणायचा तेही ठरलंय.

हॉल साडेतीन फूट उचलायचा आणि शेजारचं बावखल बुजवायचं, म्हणजे २०१८ चं पाणी पुन्हा आलं तर ते हॉलमध्ये शिरणार नाही, मागच्या आळीतल्या कौलारू घरांत शिरेल. त्या रात्री हॉलमध्ये झोपायला आली ती माणसं तिथलीच. आसपासच्या गावांत तरुण पोरं रविवारी कमरेएवढ्या चिखलात उतरून बावखलं साफ करताहेत आणि आम्ही चर्चच्या आवारात एक बुजवायला निघालोय. दिब्रिटो फादर २०२४ च्या जुलैत गेले. असते तर मी हे पत्र आपल्याला लिहिलं नसतं, त्यांच्याकडे जाऊन बसलो असतो.

परवानगीचा कागद एका कचेरीत आठ महिने पडून आहे. मी अकरा वेळा गेलो. दर वेळी एक नवा दाखला लागतो. एकदा १९६८ चा मूळ नकाशा मागितला. १९६८ साली नकाशा म्हणजे त्या वेळच्या फादरांनी काठीने जमिनीवर मारलेली रेघ होती, हे मी त्या साहेबांना सांगितलं. ते हसले, पण शेऱ्यात ‘नकाशा सादर नाही’ असंच लिहिलं. तरी एका अर्थी हा उशीर बराच म्हणायचा. कागद आला नाही तोवर आराखडा बदलता येतो.

माझं एवढंच मागणं आहे, आणि ते आमच्याच लोकांपुढे आहे. वर्तमानपत्रातून मांडतोय कारण बैठकीत माझं वय झालंय असं धरून चालतात. आवारात गाड्या कमी मावल्या तरी चालतील. शाळेचं मैदान रविवारी रिकामंच असतं, लग्नाच्या गाड्या तिथे लावा. बावखल साफ करा, कठडा बांधा. एसी नंतर घ्या. भाडं दहा हजारांच्या आत ठेवा आणि मयताच्या घराला शून्य, हे ठरावात लिहून ठेवा, तोंडी नको. आणि मागच्या बाजूला भांड्यांची खोली काढा, जोत्याच्या उंचीवर, दोन माणसं टोप घेऊन बाहेर पडतील एवढ्या रुंद दाराची. जुन्या दारातून मोठा टोप आडवा करूनच निघायचा आणि दर खेपेला कुणाची तरी बोटं सोलायची.

पत्रलेखकांनाही सांगतो, येत्या रविवारी नऊच्या मिस्सानंतर या. जुन्या हॉलची कौलं उतरवून भिंतीला लावून ठेवली आहेत, नवीन पडवीला वापरायची म्हणून. मोजायला माणसं कमी आहेत. देणगी नको, दोन तास द्या.

जागा असेल तर एक सूचना छापावी ही विनंती. सगळी भांडी सध्या माझ्या पडवीत आहेत आणि टोप अकराच्या जागी दहाच भरतात. टोप नं. ७ २०१९ च्या मे महिन्यात एका लग्नाला गेला होता. वहीत सही आहे, पण ती वाचता येत नाही. नेणाऱ्याने झाकण तेवढं आणून दिलं आणि टोप उद्या आणतो म्हणाला. त्या टोपात पन्नास माणसांचा भात होतो आणि तो उचलायला दोघे लागतात, तेव्हा तो कुठे ठेवला ते आठवत नाही असं कुणी म्हणू नये. झाकण मी जपून ठेवलंय.

आपला,
एक धर्मग्रामस्थ, वसई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)